किळस आणून सिगारेट सोडवण्याचा उपचार: पार्श्वभूमी

दारूसोबत विजेचे झटके देऊन ती नकोशी करण्याचे प्रयोग १९३०च्या आसपासचे. सिगारेटवर हा मार्ग १९६०च्या दशकात वापरून पाहिला गेला. कुठे विजेचा झटका, कुठे तोंडावर गरम धुराचा झोत. पण झटक्याची भीती दवाखान्यापुरतीच राही. बाहेर पडल्यावर सिगारेट पुन्हा गोड लागे.

१९७०च्या दशकात अमेरिकेत झटपट झुरक्यांची पद्धत रुजली. दर ६ सेकंदांनी एक झुरका, मळमळून नको होईपर्यंत; थोडी विश्रांती, मग पुन्हा तेच. इथे शिक्षा निकोटीनच करते, हे तिचे बलस्थान. नाडी वाढते, रक्तात कार्बन मोनॉक्साइड चढतो, म्हणून हृदयरोग्यांबाबत धास्ती पहिल्यापासून होती.

खरा वाद पुढचा. २०००च्या अमेरिकी सरकारी मार्गदर्शिकेत ही पद्धत परिणामकारक म्हणून नोंदली होती. २००८च्या आवृत्तीने ती शिफारशींतून काढली. मधल्या काळात जुन्या २५ चाचण्यांचा आढावा निघाला होता. आकडे झटपट झुरक्यांच्या बाजूने होते, सिगारेट सुटण्याची शक्यता जवळपास दुप्पट. पण चाचण्या लहान, आणि बहुतेक ठिकाणी 'सोडली' या रुग्णाच्या शब्दावरच भिस्त. प्रत्येकाचा दावा शारीरिक तपासणीने पडताळणारी चाचणी एकच, आणि तिच्यात ठोस फरक दिसला नाही. पुरावा अपुरा ठरला, दुष्परिणाम समोर होते, पद्धत गेली. ती निकामी असल्याचे मात्र कुणी सिद्ध केले नव्हते. तोवर निकोटीनचे च्युइंगगम आणि गोळ्या आल्या होत्या, मग ओकारीच्या उपचारावर मोठी चाचणी करायला पैसा कोण घालणार?

त्याच २००८मध्ये, २ ऑक्टोबरला, आपल्याकडे सार्वजनिक ठिकाणी धूम्रपानबंदी कडक झाली. २०१२मध्ये राज्यात गुटखाबंदी आली. तरी नागपुरात गल्लोगल्ली पानठेल्यावर खर्रा, म्हणजे सुपारी, तंबाखू आणि चुन्याचे मिश्रण, घोटला जातोच. २०१६-१७च्या पाहणीत महाराष्ट्रात ओढणारे ३.८ टक्के, तर धूरविरहित तंबाखू घेणारे २४.४ टक्के निघाले. म्हणजे ज्या पद्धतीवर इतका खल झाला, ती आपल्या बहुतेकांच्या व्यसनाची नव्हेच. शिवाय सुपारीने गाल आवळून तोंड धड उघडत नसलेली माणसेही खर्रा सोडत नाहीत. त्रासाने व्यसन सुटते म्हणणाऱ्यांनी आधी त्यांच्याशी बोलावे.