बालरुग्णांसाठीचे वैद्यकीय समाजकार्य

बालरुग्णांसाठीचे वैद्यकीय समाजकार्य : आजारी मुलाला आणि त्याच्या घरच्यांना उपचार पूर्ण होईपर्यंत आधार देणारे रुग्णालयातील काम. औषध लिहून देतात डॉक्टर. ते औषध वेळेवर मुलाच्या पोटात जाईल इतपत घर सावरून धरतो तो समाजसेवक. महाराष्ट्राच्या शासकीय रुग्णालयांत पदाचे नाव ‘समाजसेवा अधीक्षक (वैद्यकीय)’ असे आहे. वॉर्डात मात्र ‘सोशल वर्कर मॅडम’ हीच हाक ऐकू येते.

लंडनच्या रॉयल फ्री हॉस्पिटलने १८९५ मध्ये मेरी स्ट्यूअर्ट यांना या कामावर नेमले, ते प्रामुख्याने मोफत उपचारांना खरोखर पात्र कोण हे पाहण्यासाठी. बॉस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये डॉ. रिचर्ड कॅबट यांनी १९०५ मध्ये हे काम सुरू केले, तेव्हा रोख बदलला : रुग्णाचे घर, रोजगार आणि खाणेपिणे कळल्याशिवाय निदान अपुरे, असे त्यांचे म्हणणे होते. मुंबईत १९३६ साली नागपाड्यात सर दोराबजी टाटा समाजकार्य विद्यालय निघाले (आजची टाटा सामाजिक विज्ञान संस्था) आणि १९४६ मध्ये जे. जे. रुग्णालयात देशातील पहिल्या वैद्यकीय समाजसेवकाची नेमणूक झाली.

हे काम किती नाजूक आहे, ते लहान मुलांच्या रक्ताच्या कर्करोगात दिसते. उपचार दोन ते तीन वर्षे चालतात. पहिल्या महिनाभरात बहुतेक मुलांच्या रक्ताचे रिपोर्ट सुधारतात, ताप जातो, मूल पुन्हा खेळू लागते. पोर बरे झाले असे आईबापांना वाटते, आणि का वाटू नये? गावाकडे पेरणी तोंडावर आलेली असते, बापाचा रोज बुडालेला असतो, धाकटी मुलगी आजीकडे ठेवलेली असते. कुटुंब गावी जाते आणि पुढच्या तारखेला येत नाही. आजार उलटतो तो इथे. म्हणून समाजसेवक पहिल्याच भेटीत रेशनकार्डाबरोबर आणखी बरेच विचारतात : मुंबईत राहता कुठे, धाकटी कोणाजवळ, शेत कोण बघणार, शेजाऱ्याचा फोन नंबर काय. तारीख चुकली की त्याच दिवशी फोन जातो. रागावणारा फोन कुटुंबाला आणखी दूर लोटतो. ‘गाडीभाड्याची अडचण आहे का?’ असे विचारणारा फोन बहुधा परत आणतो.

पैशांच्या वाटा शोधणे हाही मोठा भाग. महाराष्ट्रात २०१२ मध्ये मोफत उपचारांची राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना सुरू झाली. २०१७ पासून ती महात्मा जोतिराव फुले यांच्या नावाने चालते. धर्मादाय रुग्णालयांत १० टक्के खाटा निर्धन रुग्णांना मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांना सवलतीत राखून ठेवाव्या लागतात. हे माहीत नसल्याने कित्येक पालक दागिने गहाण टाकून मोकळे होतात. दिव्यांग हक्क अधिनियम २०१६ ने थॅलेसेमिया, हिमोफिलिया आणि सिकलसेल या रक्ताच्या आजारांना दिव्यांगत्वात धरले, त्यामुळे या मुलांनाही दिव्यांग प्रमाणपत्राची वाट उघडली. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात (२०१३) अंगणवाड्या आणि शाळांमध्ये तपासणी होते, हृदयाला असलेले छिद्र तिथे सापडते. पण ‘ऑपरेशन’ या शब्दानेच हादरलेल्या आजीआजोबांशी कोणीतरी बसून बोलावे लागते.

तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, डॉक्टरांच्या सहीचे खर्चाचे पत्र, ट्रस्टांचे अर्ज यांतच दिवस सरतो, ही या पदाची मोठी अडचण आहे. खिडकीपुढे रांग असताना, नवऱ्याने ‘तुझ्यामुळेच झालं’ म्हणून टाकून दिलेल्या आईला रडायला दहा मिनिटे देणे अवघड होते. ती दहा मिनिटे याच कामाचा गाभा आहेत. ती वरकड धरली जातात, हे चूक आहे. आजारी मुलाच्या भावंडांकडे तर फारसे कोणाचे लक्ष जात नाही.

उपचार संपल्यावर शाळा येते. केस गेलेल्या मुलाला वर्गात वेगळे बसवले जाते, डब्याला हात लावू देत नाहीत. अशा वेळी मुख्याध्यापकांना रुग्णालयाच्या लेटरहेडवर पत्र जाते : हा आजार संसर्गजन्य नाही, मुलाला त्याच्या नेहमीच्या बाकावर बसू द्यावे.