सैतान मेल्यावर उरतो तो खेळ : 'डायब्लो'पासून चालत आलेल्या एंडगेमची पार्श्वभूमी

ठाण्यातल्या नौपाडा-वर्तकनगरपासून वाशी-नेरूळपर्यंत 'डायब्लो' आणि 'पाथ ऑफ एक्झाइल' हे राक्षस मारून लूट गोळा करण्याचे संगणकीय खेळ मनापासून खेळणारी मराठी मंडळी आता बरीच आहेत. नवा सीझन सुरू झाला, की त्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर दोन दिवसांनंतर कथेचे नाव निघत नाही. चर्चा चालते ती बिल्डची (पात्राची कौशल्ये आणि शस्त्रे यांची जुळणी), ड्रॉपची (मेलेल्या राक्षसाकडून मिळणारी लूट) आणि शेवटच्या बॉसची, म्हणजे बड्या राक्षसाची. नव्याने आलेल्या खेळाडूचा त्यामुळे असा समज होतो, की कथा ही एकदाची उरकून टाकायची गोष्ट असून खरा खेळ तिच्यानंतर सुरू होतो. या प्रकारच्या खेळांचा जवळजवळ तीन दशकांचा इतिहास पाहिला, तर हा समज टिकत नाही. तोच राक्षस पुन्हा पुन्हा का मारायचा, याचे कारण ज्या खेळांनी आपल्या कथेतून दिले, त्यांचेच एंडगेम, म्हणजे कथा संपल्यावरचे खेळ, लोकांच्या लक्षात राहिले आहेत.

डेव्हिड ब्रेव्हिक आणि मॅक्स व एरिक हे शेफर बंधू यांनी 1993 मध्ये कॅलिफोर्नियात 'कॉन्डॉर' नावाची कंपनी काढली, तिथून या इतिहासाची सुरुवात होते. ब्रेव्हिक ज्या भागात राहत असे, तिथल्या माउंट डायब्लो या डोंगरावरून खेळाचे नाव आले. प्रत्येक वेळी नव्याने रचले जाणारे तळघर ही कल्पना 'मोरिया'सारख्या जुन्या, अक्षरांनी काढलेल्या खेळांतली होती आणि सुरुवातीचा आराखडाही त्यांच्याप्रमाणेच आळीपाळीने चाल खेळण्याचा होता. प्रकाशक ब्लिझर्डच्या आग्रहावरून ब्रेव्हिकने तो बदलून पाहिला आणि माउसच्या एका क्लिकसरशी सांगाड्यावर तलवार पडली. पुढे ब्लिझर्डने ही कंपनी विकत घेतली, तिचे नाव 'ब्लिझर्ड नॉर्थ' झाले आणि 1996 संपून 1997 उजाडताना 'डायब्लो' बाजारात आला.

या पहिल्या खेळाची कथा लहान आणि अतिशय काळोखी आहे. ट्रिस्ट्रम गावातल्या कॅथीड्रलखाली 16 मजले आहेत. आर्चबिशप लाझारसच्या कपटामुळे राजा लिओरिक वेडा होतो, त्याचा मुलगा आल्ब्रेक्ट पळवला जातो आणि त्या कोवळ्या मुलाच्याच शरीरात डायब्लो वास करतो. नायक सर्वांत खालच्या मजल्यावर पोचतो, डायब्लोला मारतो, आणि सैतानाला आपल्याच देहात कोंडून ठेवता येईल या भाबड्या विश्वासाने सोलस्टोन हा सैतानाला बांधून ठेवणारा दगड स्वतःच्या कपाळात खुपसतो. खेळ तिथे संपतो. एंडगेम म्हणावे असे त्यात फारसे काही नव्हते. बॅटल डॉट नेट या ब्लिझर्डच्या ऑनलाइन सेवेवर मित्रांसोबत नाइटमेअर आणि हेल या चढत्या पातळ्यांवर तेच मजले पुन्हा उतरायचे, एवढेच. परंतु जिंकणाराच पुढचा सैतान होतो, हे बीज त्या शेवटाने पेरले आणि पुढच्या बहुतेक साऱ्या खेळांनी त्याचेच पीक काढले.

जून 2000 मध्ये आलेल्या 'डायब्लो 2'मध्ये तोच जुना नायक काळ्या वस्त्रातला भटक्या होऊन पूर्वेकडे निघालेला दिसतो. ट्रिस्ट्रम जळून गेलेले असते. पहिल्या भागात लाकडी पायाचा वर्ट नावाचा एक पोरगा चढ्या भावाने माल विकत असे. त्याचे प्रेत आता तिथे पडलेले असते आणि त्यावर क्लिक केले की पैसे आणि त्याचा तो पाय हाती लागतो. तो पाय आणि टाउन पोर्टलचे पुस्तक होराड्रिक क्यूब या जादूच्या पेटीत एकत्र केले, की दोन पायांवर चालणाऱ्या, परशू घेतलेल्या गाईंच्या गुप्त लेव्हलचा लाल दरवाजा उघडतो. पहिल्या भागाच्या वेळी पसरलेल्या एका अफवेला निर्मात्यांनी दिलेले हे उत्तर होते. आधीच्या कथेतली एखादी खूण हाती घ्यायची, ती क्यूबमध्ये घालायची आणि मुख्य कथेबाहेरचा दरवाजा उघडायचा, ही रीत मला वाटते इथेच रुजली.

2001 मधल्या 'लॉर्ड ऑफ डिस्ट्रक्शन' या जोडभागाने पाचवा अंक आणि बाल हा शेवटचा शत्रू दिला. खेळाडू 99 व्या लेव्हलपर्यंत जाऊ शकत होता. परंतु तिथवर नेणारी वाट म्हणजे एकाच बालला अगणित वेळा मारणे हीच होती. खेळाडूंनी ती आपणहून शोधली, निर्मात्यांनी तिला कथेचा आधार दिलेला नव्हता. तो आधार 2003 च्या 1.10 या पॅचपासून, म्हणजे खेळाच्या सुधारित आवृत्तीपासून, मिळू लागला. 'स्टोन ऑफ जॉर्डन' ही अंगठी तेव्हा खेळाडूंमध्ये चलनासारखी फिरत होती आणि तिच्या बनावट प्रतींचा सुळसुळाट झाला होता. दुकानदाराला अशा पुरेशा अंगठ्या विकल्या गेल्या, की पडदा हादरत असे, डायब्लो पृथ्वीवर अवतरल्याची ओळ उमटत असे आणि हेल पातळीवरच्या एखाद्या नामांकित राक्षसाच्या जागी प्रत्यक्ष डायब्लो उभा राहत असे. त्याला मारणाऱ्याला 'अ‍ॅनाइहिलस' हा छोटा ताईत मिळे. बाजारातल्या बनावट अंगठ्या जिरवण्याचा आणि सैतानाच्या पुनरागमनाची वार्ता देण्याचा असा एकाच घावात साधलेला उपाय मला अजूनही फार बुद्धिमान वाटतो.

खरी झेप मात्र ऑगस्ट 2005 मधल्या 1.11 या पॅचने घेतली. त्याच महिन्यात ब्लिझर्ड नॉर्थचे कार्यालय बंद झाले. ब्रेव्हिक आणि शेफर बंधू तर 2003 मध्येच बाहेर पडले होते. या पॅचमधल्या आव्हानाची रचना बारकाईने पाहण्याजोगी आहे. काउंटेस, समनर आणि निहलाथाक या तिघांकडून दहशत, द्वेष आणि विनाश या नावांच्या किल्ल्या मिळवायच्या. तिन्ही एकत्र क्यूबमध्ये घातल्या, की पाचव्या अंकातल्या हॅरोगाथ गावात एक लाल दरवाजा उघडतो आणि तीन ठिकाणांपैकी एका ठिकाणी नेतो. तिन्ही ठिकाणे हवी असतील तर किल्ल्यांचे तीन संच जमवावे लागतात. तिथे लिलिथ, उबर (म्हणजे अधिक बलवान) ड्युरिएल आणि उबर इझुआल यांना मारून मेफिस्टोचा मेंदू, डायब्लोचे शिंग आणि बालचा डोळा हस्तगत करायचा आणि ते पुन्हा क्यूबमध्ये घालून शेवटचा दरवाजा उघडायचा. तो दरवाजा जातो ट्रिस्ट्रमला. ज्या गावात सारे सुरू झाले, त्याच गावाच्या अवशेषांत मेफिस्टो, डायब्लो आणि बाल हे तिन्ही सैतान भाऊ एकत्र उभे असतात. बक्षीस म्हणून मिळणारा 'हेलफायर टॉर्च' मोलाचा आहेच, पण हे युद्ध ट्रिस्ट्रममध्ये व्हावे, या निर्णयाने त्या बक्षिसापेक्षा अधिक दिले आहे.

ठाणे-नवी मुंबईतल्या त्या वेळच्या खेळाडूंच्या वाट्याला यातले काहीच आले नाही, हेही नोंदवले पाहिजे. हे प्रसंग बॅटल डॉट नेटवर जोडल्याखेरीज घडत नसत. आपल्याकडे सायबर कॅफेतले तास मोजून घेतलेले, घरी डायल-अप, एमटीएनएलचे ब्रॉडबँड नुकते येऊ लागलेले, आणि मुंबई शहराला वगळणारे भारनियमन ठाण्याला मात्र लागू. मित्राकडून आणलेल्या सीडीवर ऑफलाइन खेळणाऱ्या मुलांनी क्यूबमध्ये किल्ल्या घालून दरवाजा उघडण्याची गोष्ट फक्त ऐकली. 23 सप्टेंबर 2021 रोजी 'डायब्लो 2 : रिसरेक्टेड' आला आणि ऑफलाइन खेळातही तो दरवाजा उघडू लागला, तेव्हा चाळिशीकडे झुकलेल्या अनेकांनी प्रथमच ते ट्रिस्ट्रम पाहिले. त्यांच्या आनंदाला केवळ जुन्या आठवणींचे प्रेम म्हणणे मला अपुरे वाटते, कारण कथेचा एक तुकडा त्यांना खरोखरच मिळालेला नव्हता.

15 मे 2012 रोजी आलेल्या 'डायब्लो 3'ने उलटा धडा दिला. त्याची इन्फर्नो पातळी कमालीची कठीण होती. परंतु चांगली शस्त्रे राक्षसांकडून मिळण्यापेक्षा ऑक्शन हाउस या खेळाडूंच्या लिलावबाजारात विकत घेणे सोपे होते, त्यामुळे लढण्याला अर्थ उरला नाही. 18 मार्च 2014 रोजी ऑक्शन हाउस बंद झाले, आठवड्याभरात 'रीपर ऑफ सोल्स' आला आणि त्याच वर्षी पुढे घड्याळ लावून खेळायचे, आपोआप रचले जाणारे ग्रेटर रिफ्ट आले. यंत्रणा म्हणून रिफ्ट चोख आहेत. कथा म्हणून त्यांत पोकळी आहे. कुठल्याही मजल्यावर कुठलाही राक्षस येतो आणि त्याच्या येण्याला कारण नसते.

ही पोकळी न्यूझीलंडमधल्या ऑकलंड इथे 2006 मध्ये स्थापन झालेल्या 'ग्राइंडिंग गिअर गेम्स'ने ओळखली होती. त्यांच्या 23 ऑक्टोबर 2013 रोजीच्या 'पाथ ऑफ एक्झाइल'मध्ये नकाशा हीच लूट असते. तो यंत्रात ठेवला की एक अनोळखी प्रदेश उघडतो, आणि नकाशावर जितक्या जाचक अटी, तितका लाभ अधिक. सप्टेंबर 2016 मधल्या 'अ‍ॅटलस ऑफ वर्ल्ड्स'ने या सुट्या नकाशांमागे एक घडवणारा उभा केला : शेपर. नकाशांचे यंत्र चालवणाऱ्या झॅनाचा हा बेपत्ता बाप व्हॅलेरियस निघतो. डिसेंबर 2017 मध्ये शेपरचा प्रतिस्पर्धी एल्डर आला, आणि डिसेंबर 2019 मधल्या 'कॉन्करर्स ऑफ द अ‍ॅटलस'ने तर खेळाडूच्याच सवयीला कथा केले. एल्डरला हुसकावून लावण्यासाठी नकाशांमध्ये हिंडलेले पाच साथीदार त्या प्रदेशाच्या सत्तेने बिघडतात आणि शेवटचा शत्रू होतो त्यांच्यातलाच सायरस. कपाळात सोलस्टोन खुपसणाऱ्या ट्रिस्ट्रमच्या नायकाचा हा थेट वंशज आहे. न थांबता नकाशे फोडत राहणाऱ्या माणसाचे काय होते, याचे उत्तर नकाशे फोडणाऱ्यालाच तिथे मिळते.

दरम्यान ब्लिझर्डने 2005 च्या पॅचमधली लिलिथ उचलली. तेव्हा तिला स्वतःचे रूपही नव्हते. पहिल्या अंकातल्या अँडॅरिएलचेच चित्र तिच्यासाठी वापरले होते. जून 2023 मधल्या 'डायब्लो 4'मध्ये ती मेफिस्टोची मुलगी, इनेरियस या देवदूतासह सँक्चुअरी हे माणसांचे जग निर्माण करणारी आदिमाता आणि साऱ्या कथानकाचा कणा झाली. त्या खेळाचे सुरुवातीचे सर्वांत कठोर आव्हानही तिचाच प्रतिध्वनी होता : 100 व्या लेव्हलची लिलिथ, दोन टप्प्यांची लढत, आणि दुसऱ्या टप्प्यात पायाखालची जमीनच तुकड्यांनी कोसळत जाते. हार्डकोअरमध्ये पात्र एकदा मेले की कायमचे मेले, आणि मधेच जोडणी तुटली तरी राक्षस थांबत नाहीत. म्हणून पावसाळ्यात वीज डोळे मिचकावू लागली, की आपल्याकडचे जाणते खेळाडू राउटरला छोटा यूपीएस लावल्याशिवाय तिच्यासमोर उभे राहत नाहीत.

'पाथ ऑफ एक्झाइल 2' 6 डिसेंबर 2024 रोजी, पूर्ण होण्याआधीच, अर्ली अ‍ॅक्सेसमध्ये खुला झाला, तेव्हा त्याचे तीनच अंक तयार होते आणि तेच दोनदा खेळून एंडगेम गाठावा लागे. तरीही अ‍ॅटलस हा नकाशांचा एंडगेम पहिल्या दिवसापासून हजर होता. लोखंड, तांबे आणि दगड यांच्या तीन गढ्या शोधायच्या, प्रत्येकीतल्या बॉसकडून एकेक तुकडा मिळवायचा, ते तिन्ही बर्निंग मोनोलिथपाशी बसवायचे आणि 'आर्बिटर ऑफ अ‍ॅश'समोर उभे राहायचे, असा त्याचा क्रम आहे. ज्यांनी हॅरोगाथमध्ये तीन किल्ल्या क्यूबमध्ये घातल्या आहेत, त्यांना तो समजावून सांगावा लागत नाही.