सर्व्हरने फोन ठेवला, की मधेच रेंज गेली?

नागपुरात मे महिन्यात घरून काम करताना ऑफिसच्या डेटाबेसचं कनेक्शन तुटलं की खापर वायफायवर फुटतं. आमच्याकडे ते कूलरवर फुटलं. राउटर हॉलमध्ये, माझं टेबल आतल्या खोलीत आणि मधल्या दारात पाण्याने भरलेला लोखंडी कूलर. लोखंड आणि पाणी दोन्ही सिग्नल अडवतात, म्हणजे संशय अगदीच खोटा नव्हता. कूलर सरकवला, आईची बोलणी खाल्ली. जेवून आलो तर पहिली क्वेरी (डेटाबेसला विचारलेला प्रश्न) पुन्हा मेलेलीच.

‘कनेक्शन तुटलं’ म्हणताना आपण दोन वेगळ्या गोष्टी एकाच पोत्यात भरतो. कधी समोरच्याने फोन ठेवलेला असतो, कधी नुसती रेंज गेलेली असते.

आमचा डेटाबेस सर्व्हर मायएसक्यूएल. तो बराच वेळ गप्प बसलेलं कनेक्शन स्वतःच बंद करतो. ही मुदत म्हणजे वेट_टाइमआउट. मुळात ती 28800 सेकंद, म्हणजे 8 तास. पण कमी करून ठेवणारे पुष्कळ. मुदत उलटल्यावर क्वेरी टाकली की सहसा लगेच एरर येते: जुन्या आवृत्त्यांत 2006 नंबरची, 8.0.24 पासून पुढे बहुधा 4031. मधला रस्ता, म्हणजे नेटवर्क, तुटला तर इतकं तडकाफडकी उत्तर बहुधा मिळत नाही. राउटरने जुन्या कनेक्शनची नोंद पुसली तरी दोन्ही टोकांना पत्ता नसतो. क्वेरी लटकून राहते आणि बऱ्याच वेळाने 2013 नंबरची एरर दिसते. पण नंबरांवर फार विसंबू नका, 2006 तर पॅकेट (एका वेळी पाठवलेला डेटा) फार मोठं झालं तरी येते.

माझा भरवसा ‘शो प्रोसेसलिस्ट’वर, म्हणजे सर्व्हरवरच्या चालू कनेक्शनांची यादी दाखवणाऱ्या कमांडवर. कनेक्शन गेलं की दुसऱ्या विंडोतून ती चालवा. जुनी ओळ ‘स्लीप’ दाखवत तिथेच बसलेली असेल, तर सर्व्हरने काही केलेलं नाही, रस्ता गेला. ओळ गायब असेल तर बहुतेक फोन सर्व्हरनेच ठेवला.

माझी ओळ गायब होती. तरी वेट_टाइमआउट विचारला तर 28800! यातच अर्धा दिवस गेला राजेहो. कमांड लाइनवर तो आकडा इंटरॅक्टिव्ह_टाइमआउटमधून, म्हणजे हाताने कमांड टाकणाऱ्यांसाठीच्या वेगळ्या मुदतीतून, उचलला जातो. ॲपला लागू होणारा पाहायचा तर ‘शो ग्लोबल व्हेरिएबल्स’ म्हणावं लागतं. तिथे होते 600. दहा मिनिटं! आमचं जेवण त्याहून लांबतं.

मग पूलमधली (ॲपने पुन्हा वापरायला उघडी ठेवलेली) कनेक्शनं 600 सेकंदांच्या आतच बदलायला लावली. दोष रस्त्याचा असता तर याऐवजी टीसीपी कीपअलाइव्ह (गप्प कनेक्शन जिवंत आहे का, याची अधूनमधून चाचपणी) लागला असता. त्यातही लिनक्स पहिली चाचपणी करतो 7200 सेकंदांनी, तोवर घरचा राउटर विसरून मोकळा झालेला असू शकतो. म्हणून ती 300 वर आणावी.