हिमगौरी की शंभर वर्षे झोपलेली राजकन्या? फोटोशूट ठरवण्यापूर्वी

वाढदिवसाचे, डोहाळजेवणाचे किंवा लग्नाआधीचे फोटोशूट परीकथेतल्या नायिकेवर बेतण्याची आवड आता कोल्हापुरातही रुजली आहे, आणि त्यात सर्वाधिक सरमिसळ होते ती हिमगौरी आणि शंभर वर्षे झोपलेली राजकन्या या दोघींची. पांढरा झगा, उशाशी गुलाब, हातात सफरचंद, मिटलेले डोळे आणि शेजारी गुडघे टेकलेला तरुण, असे छायाचित्र पाहिले की ते नेमके कोणत्या कथेचे आहे हे सांगणे कठीण जाते. दोघीही राजकन्या, दोघींवरही एका चिडलेल्या स्त्रीचा घाला, दोघीही मेल्यासारख्या निजतात आणि दोघींनाही शेवटी राजपुत्र भेटतो, तेव्हा गोंधळ होणे स्वाभाविक आहे. वेशभूषा, जागा आणि प्रकाश ठरवायला बसल्यावर मात्र या कथा एकमेकींपासून फार दूर जातात, कारण हिमगौरीची कथा रंगांवर उभी आहे आणि दुसरीची काळावर.

याकोब आणि विल्हेल्म या ग्रिम बंधूंच्या लोककथासंग्रहाचा पहिला खंड १८१२ साली जर्मनीत प्रसिद्ध झाला आणि त्यात या दोन्ही कथा आहेत. हिमगौरीच्या कथेत आबनूस या काळ्या लाकडाच्या चौकटीच्या खिडकीत शिवत बसलेल्या राणीच्या बोटाला सुई टोचते, रक्ताचे तीन थेंब बर्फावर पडतात, आणि हेच तीन रंग घेऊन आपल्याला मुलगी व्हावी असे तिच्या मनात येते. पुढे विषारी सफरचंदसुद्धा एका बाजूने पांढरे आणि दुसऱ्या बाजूने लाल असते, आणि विष फक्त लाल बाजूत असते. त्यामुळे पांढरा, काळा आणि लाल यांच्यापलीकडे चौथा रंग या शूटमध्ये येऊ देऊ नये, असे माझे ठाम मत आहे. निळी चोळी आणि पिवळा घागरा हा सर्वांच्या डोळ्यांत बसलेला पोशाख डिस्नेच्या १९३७ सालच्या चित्रपटातला आहे, मूळ कथेतला नव्हे, आणि त्याची नक्कल केली की छायाचित्राला स्नेहसंमेलनाची कळा येते.

बर्फ कोल्हापुरात कुठून आणायचे, हा प्रश्न हमखास येतो. त्याचे उत्तर पन्हाळ्यावर आहे. जुलै-ऑगस्टमध्ये गडावर धुके उतरते तेव्हा मागची झाडे पुसट होत जातात, आणि समोर राहतो तो फक्त पांढरा पडदा आणि तटबंदीचा पावसाने भिजून अधिकच काळा झालेला दगड. दोन रंग तिथेच फुकट मिळतात. अडचण एकच, की कॅमेऱ्यातला उजेड मोजणारा मीटर एवढा पांढरेपणा पाहून चित्र करडे करून टाकतो, म्हणून एक्स्पोजर एक स्टॉपच्या आसपास, म्हणजे उजेड साधारण दुप्पट होईल इतके, वाढवून ठेवावे लागते. गडावरच्या वास्तू पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखाली आहेत, तेव्हा व्यावसायिक शूटसाठी परवानगीची चौकशी आधीच करावी. पावसात जाणे जमत नसेल तर रंगवलेला पडदाही चालतो. ज्या गावात आनंदराव आणि बाबुराव पेंटर यांनी नाटक कंपन्यांसाठी पडदे रंगवले, त्या गावाला पडद्याचे वावडे असण्याचे कारण नाही, आणि हिमगौरीच्या सपाट, मोजक्या रंगांना तो शोभतोही.

पांढऱ्या रंगाबद्दल एक गोष्ट आग्रहाने सांगायची आहे. हिमगौरी व्हायचे म्हणून सावळ्या मुलीच्या चेहऱ्यावर पावडरीचे थर चढवणे किंवा नंतर संगणकावर तिची कातडी उजळ करणे हे तिच्यावर अन्याय करणारे आहे, आणि चित्राच्या दृष्टीनेही चुकीचे आहे. पांढरा रंग कापडात आणि धुक्यात असू द्यावा. इचलकरंजीच्या साध्या सुती कापडाचा झगा त्याला पुरतो, आणि सावळा चेहरा त्या पांढऱ्यावर जितका उठून दिसतो तितका रंगवलेला चेहरा कधीच दिसत नाही. काळा रंग मुलीच्या केसांत असतोच. लाल रंग मात्र एका चित्रात एकाच ठिकाणी ठेवावा: कधी चोळीची नाडी, कधी केसांतली फणी, कधी सफरचंद. नाडी आणि फणी ही सफरचंदाच्या आधी सावत्र आईने वापरलेली हत्यारे आहेत, हे फार थोड्या शूटमध्ये दिसते. सफरचंद घेताना कपिलतीर्थ मंडईत मेण लावलेले गडद लाल फळ बाजूला ठेवून एका अंगाने फिके राहिलेले शोधावे, आणि चावा घेतलेली जागा तपकिरी पडू नये म्हणून तिला लिंबाचे पाणी लावावे.

काचेची शवपेटी हा या कथेचा गाभा आहे, कारण हिमगौरी सर्वांना दिसत राहते. बुटके तिच्याजवळ पहारा देतात, घुबड, डोमकावळा आणि कबुतर येऊन रडतात. म्हणजे ती एकटी निजलेली आणि बाकी सगळे जागे, अशी चित्राची मांडणी हवी. मुलीच्या अंगावर काच ठेवण्याचा धोका कुणीही पत्करू नये. काचेचा छोटा तुकडा लेन्सजवळ धरला तरी तोच भास होतो. त्यावरचे प्रतिबिंब कमी करायचे असेल तर काच लेन्सच्या अगदी समोरासमोर न धरता बरीच तिरपी धरून पोलरायझर, म्हणजे लेन्सवरचा चकाकी कापणारा फिल्टर, फिरवावा, कारण समोरासमोर धरलेल्या काचेवर त्याचा उपयोग जवळजवळ होत नाही.

दुसऱ्या राजकन्येच्या कथेत हे सारे उलटे होते. ती कोणालाच दिसत नाही, कारण वाड्याभोवती काटेरी कुंपण वाढलेले असते, आणि तिच्याबरोबर अख्खा वाडा झोपतो. ग्रिम बंधूंच्या कथेत भिंतीवरच्या माश्या निजतात, चुलीतला जाळ निजतो आणि पोराचे केस ओढायला पुढे केलेला आचाऱ्याचा हातही थांबतो. इथे सोबतच्या मंडळींना प्रेक्षक म्हणून उभे करणे म्हणजे कथा मोडणे होय. मैत्रिणी, आत्या, अगदी दारातले कुत्रेसुद्धा निजलेले दाखवावे. सफरचंदाचा इथे काहीही संबंध नाही. तिच्या बोटाला चाते, म्हणजे सूत कातायची टोकदार काडी, टोचते, आणि त्यासाठी शाळेत सूतकताई शिकलेल्या पिढीच्या घरातली टकळी पुरेशी आहे.

या कथेची सर्वांत मोलाची खूण शार्ल पेरो या फ्रेंच लेखकाच्या १६९७ सालच्या आवृत्तीत आहे. राजकन्या जागी होते तेव्हा तिचा पोशाख राजपुत्राला आजीच्या काळातला वाटतो, कारण शंभर वर्षांत फॅशन बदललेली असते. पण तसे तिला बोलून दाखवण्याचे तो टाळतो. शूट करणाऱ्याला याहून चांगली सूचना मिळणार नाही. पांढरा परदेशी झगा भाड्याने आणण्याऐवजी, आपली राजकन्या राजर्षी शाहू महाराजांच्या अखेरच्या वर्षांत, म्हणजे १९२० च्या सुमारास झोपली, असे धरावे. मग तिच्या अंगावर इरकली नऊवारी लुगडे, खणाची चोळी आणि गळ्यात कोल्हापुरी साज येतो, आणि राजपुत्र मात्र आजच्या शर्ट-पँटमध्ये, खिशात मोबाइल घेऊन येतो. त्या दोन पोशाखांमधले अंतर हीच कथा आहे. पणजीचे लुगडे ट्रंकेतून काढले की त्यावर घडीच्या रेषा उमटलेल्या असतात, त्या रेषांवर रंग किंचित उडालेला असतो आणि डांबरगोळ्यांचा वास आठवडाभर जात नाही. ते इस्त्री करून गुळगुळीत करू नये, कारण घडीच्या त्या रेषांत शंभर वर्षे दिसतात. नेसण्याची, अंबाड्याची आणि दागिन्यांची खात्री करायला घरातले जुने ग्रुप फोटो पाहावेत.

प्रकाशही वेगळा लागतो. धुक्याचा सर्वत्र सारखा पसरलेला उजेड इथे मारक ठरतो. जुन्या वाड्याच्या माडीवर हिवाळ्यातल्या सकाळी एकाच खिडकीतून तिरपे ऊन येते आणि त्यात धूळ तरंगताना दिसते, ते हवे. झाडून घेण्याचा मोह आवरावा.

चुंबनाच्या पोजचा हट्ट दोन्हीकडे सोडून देता येतो, आणि घरच्या वडीलधाऱ्यांसमोर अवघडलेल्या जोडप्यांना हे ऐकून बरे वाटेल. ग्रिम बंधूंच्या नंतरच्या आवृत्तीत शवपेटी नेणारे सेवक अडखळतात, घशातला सफरचंदाचा तुकडा बाहेर पडतो आणि हिमगौरी जागी होते. पेरोच्या कथेत राजपुत्र नुसता गुडघे टेकतो आणि शंभर वर्षांची मुदत संपल्याने राजकन्येला जाग येते. चुंबन आहे ते ग्रिम बंधूंच्या काटेरी कुंपणाच्या कथेत. हिमगौरी तर सावत्र आईच्या डोळ्यांत खुपू लागते तेव्हा केवळ सात वर्षांची असते, म्हणून लहान मुलीच्या वाढदिवसाला तीच कथा घ्यावी. दुसरीला चाते टोचते ते पंधराव्या वर्षी.

काटेरी कुंपणासाठी ज्योतिबा-पन्हाळ्याच्या बाजूला करवंदाच्या जाळ्या आहेत, आणि वसंतात त्यांना पांढरी फुलेही येतात. ग्रिम बंधूंच्या कथेतही मुदत संपताच कुंपणाला फुले येऊन वाट मोकळी होते. मात्र जुने लुगडे घडीवर विरलेले असते आणि करवंदाचा काटा त्यात अडकला की ते फाटलेच. म्हणून जाळी लेन्सच्या अगदी पुढ्यात येईल आणि मुलगी तिच्यापासून सात-आठ हात मागे असेल अशी जागा निवडावी. पुढचे काटे धूसर होतात, मागची राजकन्या स्पष्ट राहते, आणि पणजीचे लुगडे शाबूत घरी परत जाते.