नेफेलोमेट्री

द्रवात तरंगणाऱ्या सूक्ष्म कणांवर आदळून विखुरलेल्या प्रकाशाच्या तीव्रतेवरून त्या कणांचे प्रमाण ठरवण्याच्या पद्धतीला नेफेलोमेट्री म्हणतात. वैद्यकीय प्रयोगशाळेत तिचा मुख्य उपयोग रक्तातील व लघवीतील ठरावीक प्रथिने मोजण्यासाठी होतो. धाब्याच्या घरात झरोक्यातून आलेल्या तिरिपेत एरवी न दिसणारे धूलिकण बाजूने पाहणाऱ्याला उजळलेले दिसतात, तसाच येथे प्रकाशशोधक मूळ किरणाशी कोन करून बसवलेला असतो. टर्बिडिमेट्री या जवळच्या पद्धतीत मात्र सरळ पार गेलेला प्रकाश किती घटला ते पाहतात.

सुट्या प्रथिनाचा रेणू फार लहान असल्याने पुरेसा प्रकाश विखुरत नाही. म्हणून नमुन्यात त्याच प्रथिनाविरुद्धचे प्रतिपिंड मिसळतात, दोहोंचे जाळीदार पुंजके बनून द्रावण गढुळते आणि त्यातून विखुरलेला प्रकाश प्रमाणित द्रावणांच्या आलेखाशी ताडून उत्तर काढले जाते. सीआरपी (दाह झाल्यावर रक्तात वाढणारे प्रथिन), इम्युनोग्लोब्युलिने (म्हणजेच प्रतिपिंडे), रोगप्रतिकारात मदत करणारी पूरक प्रथिने सी३ व सी४ आणि मुक्त लाइट चेन (इम्युनोग्लोब्युलिनांचे सुटे घटक) यांसाठी ही पद्धत रुळलेली आहे.

खरी गोम प्रथिन अतोनात वाढते तेव्हा असते. हायडेलबर्गर आणि केंडॉल यांनी १९३५ साली मांडलेल्या सिद्धांतानुसार प्रतिजन (येथे मोजायचे प्रथिन) प्रतिपिंडांच्या मानाने गरजेपेक्षा जास्त झाले की मोठे पुंजके बनतच नाहीत. त्यामुळे मल्टिपल मायलोमाच्या, म्हणजे ज्या कर्करोगात इम्युनोग्लोब्युलिने किंवा लाइट चेन बेसुमार वाढतात त्याच्या, रुग्णाचा आकडा फसवा, कमी येऊ शकतो. अशा वेळी नमुना अधिक पातळ करून पुन्हा मोजणे अनिवार्य ठरते.

लघवीत या पद्धतीचे मोल विशेष आहे. मधुमेहात मूत्रपिंडाची हानी सुरू होताना अल्ब्युमिन दर ग्रॅम क्रिएटिनिनमागे ३० ते ३०० मिलिग्रॅम असते. लघवीत बुडवून पाहायच्या साध्या पट्टीला ते बरेचदा कळत नाही, आणि लाइट चेन तर ती जवळजवळ टिपतच नाही.

मराठवाड्यात तालुक्याच्या गावी घेतलेला नमुना अनेकदा छत्रपती संभाजीनगर, लातूर किंवा नांदेडसारख्या शहरी न्यावा लागतो, आणि वैशाखात पारा ४० अंशांपलीकडे जातो. उष्णतेत ठेवलेल्या लघवीत जिवाणू वाढून ती गढूळ होते, आणि तो गढूळपणाही प्रकाश विखुरतो. म्हणून नमुना बर्फाच्या डब्यातून पाठवावा आणि मोजण्यापूर्वी सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवून वरचा स्वच्छ भाग घ्यावा. तेलकट जेवणानंतर दुधाळ झालेल्या सीरमचीही हीच अडचण असते. उपकरण व प्रतिपिंड बदलले की आकडा बदलू शकतो, विशेषतः लाइट चेनचा. त्यामुळे एकाच रुग्णाच्या पुढच्या तपासण्या शक्यतो त्याच प्रयोगशाळेत कराव्यात.