पास्ता आला नोर्मा

इटलीच्या सिसिली बेटावरील कातानिया शहराचा बिनमांसाचा पास्ता. त्यात तळलेले वांगे, टोमॅटोचा सॉस व बेझिलची पाने असतात आणि वरून ‘रिकोत्ता सालाता’ हे मेंढीच्या दुधाचे खारवलेले चीज किसून घालतात. साहित्य मोजके असल्याने तो कामावरून आल्यावर पाऊण तासात होतो.

संगीतकार विन्चेन्झो बेल्लिनी (१८०१–१८३५) मूळचा कातानियाचा. त्याचा ‘नोर्मा’ हा ऑपेरा २६ डिसेंबर १८३१ रोजी मिलानच्या ला स्काला नाट्यगृहात प्रथम सादर झाला. या पास्त्याचा घास घेताच नाटककार नीनो मार्तोल्यो ‘ही तर नोर्माच!’ असे उद्गारला आणि तेच नाव रूढ झाले, अशी आख्यायिका आहे.

वांगे भारताकडून अरबांमार्फत भूमध्य समुद्राकाठी पोहोचले. ‘मेलांझाना’ हा त्याचा इटालियन शब्द अरबी ‘बादिंजान’वरून आलेला आहे. सिसिलीत शेवयांसारखा सुका पास्ता १२व्या शतकातही बनत होता: पालेर्मोजवळच्या त्राबियातून तो जहाजांनी बाहेर जाई, अशी नोंद भूगोलकार अल-इद्रिसीने ११५४ मध्ये केली आहे. टोमॅटो मात्र अमेरिकेतून पुष्कळ उशिरा आला.

कृतीत सगळी मदार वांग्यावर आहे. भरताचे, कमी बियांचे वांगे घेऊन त्याच्या बोटभर जाड फोडी करतात, मीठ चोळून अर्धा तास चाळणीत ठेवतात आणि सुटलेले पाणी पुसून घेतात. मिठाने फोडी आक्रसतात व तेल कमी पितात. ताज्या, कोवळ्या वांग्याला घाईच्या दिवशी ही पायरी गाळली तरी चालते. तळताना मात्र घाई करू नये. फोड कढईत पडताच तेल शोषून घेते आणि कोरडी दिसू लागते. अशा वेळी आणखी तेल ओतण्याचा मोह होतो, तो टाळावा. कडा तांबूस होऊ लागल्या की फोड तेच तेल थोडे परत सोडते. आतून लोण्यासारखी झाली की काढावी. कच्चट वांग्याने सगळा पास्ता बिघडतो, मग सॉस कितीही चांगला असो.

दुसऱ्या शेगडीवर ऑलिव्ह तेलात लसूण परतून टोमॅटो आटवतात. माणशी १०० ग्रॅम पास्त्याला एक लिटर पाणी व सुमारे १० ग्रॅम मीठ लागते. रिगातोनीसारखा नळीदार पास्ता दाताला किंचित लागेल इतपतच शिजवून सॉसमध्ये घोळवतात. त्याच्या उकळीचे पळीभर पिठूळ पाणी घातले की सॉस नळ्यांना धरतो.

रिकोत्ता सालाता निवळीपासून बनते आणि उष्णतेने वितळत नाही. तिचा खारट, कोरडा कीस गोडसर वांग्यावर वेगळा लागतो. महाराष्ट्रात ती सहज मिळत नाही. तिच्या जागी प्रोसेस्ड चीज घातल्यास सगळे चिकट होते. त्यापेक्षा दाबून घट्ट केलेले, मीठ लावलेले पनीर कुस्करून घालणे अधिक जवळचे, कारण तेही वितळत नाही. पार्मेझान चालते, पण अस्सल पार्मेझान वासराच्या जठरातील रेनेटने विरजतात, हे काटेकोर शाकाहाऱ्यांनी ध्यानात घ्यावे. बेझिलऐवजी तुळस घालू नये, तिचा उग्र वास सॉसवर मात करतो. बेझिल ही आपल्या सब्ज्याच्याच जातीची वनस्पती असल्याने अंगणात सब्जा असेल, तर त्याची चार कोवळी पाने आच बंद केल्यावर हाताने तोडून घालावीत.