सूज आहे, पण दिसत नाही: धूम्रपान आणि दाह यांची पार्श्वभूमी

“आत सूज आहे,” असं डॉक्टर सांगतात आणि सिन्नरहून नाशकात तपासायला आलेले बाबा आधी स्वतःच्या पायांकडे बघतात. जन्मभर विडी ओढली, पण पाय तर चांगले आहेत. मग सूज कुठे?

गोंधळ बाबांचा नाही, शब्दाचा आहे. पाश्चात्त्य वैद्यकाने या प्रक्रियेची जुनी चार लक्षणं सांगितली: लाली, ऊब, सूज आणि वेदना. मराठी बोलण्यात त्यातल्या एकाच लक्षणाचं नाव सगळ्या प्रक्रियेला चिकटलं. पाठ्यपुस्तकं ‘दाह’ म्हणतात, पण घरात दाह म्हणजे पित्ताची नाहीतर लघवीची जळजळ. वैद्यांचा ‘शोथ’ घ्यावा तर तोही फिरून सुजेवरच येतो. त्यातल्या त्यात ‘दाह’ बरा, असं माझं मत. निदान काहीतरी धुमसतंय एवढं तरी त्यातून कळतं. कारण धुरामुळे होणाऱ्या दाहात बाहेरून काहीच दिसत नाही, आणि फुप्फुसाच्या गाभ्याला दुखणंही कळत नाही. ढास लागते, बेडका पडतो. ते ‘विडीचा खोकला’ म्हणून खपून जातं.

त्या खोकल्यानं डॉक्टरांनाही बराच काळ चकवलं. १९५० च्या दशकात सगळं लक्ष कर्करोगावर होतं, आणि श्वासनळ्यांच्या जुनाट आजारात (आज ज्याला ‘सीओपीडी’ म्हणतात) कफ हाच गुन्हेगार मानला जाई. १९६३ मध्ये स्वीडनमध्ये काही रुग्णांच्या रक्तात एक रक्षक प्रथिन जवळजवळ नसल्याचं आढळलं. त्यांची फुप्फुसं लवकर विरत होती, धूम्रपान करणाऱ्यांची तर फारच लवकर. तिथून चित्र पालटलं. धुराशी लढायला आलेल्या पांढऱ्या पेशी जी पाचक द्रव्यं सोडतात, तीच फुप्फुसाच्या भिंती खातात. आणि त्यांना आवर घालणारं ते प्रथिन धूर निकामी करतो.

१९७४ चा एक अभ्यास मला सगळ्यांत बोलका वाटतो. अचानक मृत्यू आलेल्या तरुणांची फुप्फुसं तपासली, तेव्हा सिगारेट ओढणाऱ्यांच्या बारीक श्वासनलिकांत दाहाच्या पेशींचे पुंजके दिसले. यांतल्या कुणाला धाप लागण्याचं वयही नव्हतं. २००१ मध्ये सीओपीडीच्या आंतरराष्ट्रीय व्याख्येतच दाह आला. आमच्याकडे त्याला अजून सरसकट ‘दमा’ म्हणतात.

तोवर ही गोष्ट फुप्फुसाबाहेर पडली होती. १९९० च्या दशकात सीआरपी, म्हणजे दाह असला की रक्तात वाढणारं प्रथिन, अगदी बारीक मोजता येऊ लागलं आणि धूम्रपान करणाऱ्यांत ते वाढलेलं दिसलं. पांढऱ्या पेशी आणि रक्त गोठवणारं फायब्रिनोजेन यांचंही तेच. हृदयविकाराचा धागा इथे जुळतो, संधिवाताचाही. निकोटीन काही ठिकाणी दाह दाबतं हेही खरं. मोठ्या आतड्याचा एक व्रणांचा आजार धूम्रपान करणाऱ्यांत कमी आढळतो. पण त्याच्याच चुलतभावासारखा क्रोन्सचा आजार त्यांच्यात बळावतो, हे विडीची वकिली करणारे सांगत नाहीत.

नाशिक जिल्ह्यात हा विषय विडीवाचून पुरा होत नाही. सिन्नरात कित्येक घरं बायकांनी वळलेल्या विड्यांवर चालली. विडी कामगारांसाठी १९६६ मध्ये कायदा आला, त्यात मजुरी-रजेसारख्या अटी होत्या. ओढणाऱ्याच्या छातीचा प्रश्न वेगळाच राहिला. विडीत तंबाखू सिगारेटपेक्षा बराच कमी, म्हणून ‘विडी हलकी’ ही समजूत रुजली. प्रत्यक्षात टेंभुर्णीचं पान नीट पेटत नाही. विडी विझू नये म्हणून झुरके भराभर आणि जोरात मारावे लागतात, आणि डांबर नि कार्बन मोनॉक्साइड सिगारेटपेक्षा कमी जात नाहीत, बहुधा जास्तच जातात.

धूम्रपान सोडल्यावर पांढऱ्या पेशींचा आकडा लवकर उतरतो. सीआरपीला वर्षं लागतात. आणि ज्यांच्या श्वासनळ्यांना आजार जडून गेला आहे, त्यांच्या नळ्यांत धूम्रपान सोडल्यानंतरही दाहाच्या पेशी वर्षानुवर्षं सापडतात. बाबांनी विडी सोडूनही बरीच वर्षं झाली आहेत; डॉक्टर अजून ‘सूज आहे’ म्हणतात ते यामुळे.